मामांचं बंद पडलेलं ०७० कटर: दुरुस्त करू की नवं घेऊ? खरा खर्च किती?

काजूबाग_जांबोटी:

नमस्कार मंडळी. नोकरीमुळे मी पुण्यात असतो. शेती जांबोटीजवळ आहे, महिन्यातून एक फेरी होते. यंदा खोडकिड्यानं काजूची अकरा झाडं वाळली. बांधावरचे दोन अकेशिया वाऱ्यानं कलंडून गोठ्याच्या कौलांवर टेकायला आलेत. पावसाच्या आत हे सगळं निस्तरायचं आहे.

माळ्यावर मामांचं जुनं चेनसॉ सापडलं, आमच्याकडे सगळे त्याला कटरच म्हणतात. स्टिल कंपनीचं ०७०. मामा पूर्वी लाकडाच्या ठेकेदाराकडे कामाला होते. पुढे गुडघे गेले आणि मशीन गोणपाटात गुंडाळून वर गेलं. त्याला आठ वर्षं झाली. दोरी ओढली की इंजिन फिरतं, म्हणजे जाम नाही. पण चालू होत नाही.

खानापुरात एका मेकॅनिकला दाखवलं. त्यानं उभ्या उभ्या बघून साडेचार हजारात चालू करून देतो म्हणून सांगितलं. ५८ सीसीचं चिनी मशीन सात-साडेसात हजाराला नवं मिळतंय. बायको म्हणते नवं घ्या आणि मोकळे व्हा. मामा काहीच म्हणत नाहीत, पण मशीन खाली काढलं त्या दिवशी अर्धा तास ते फडक्यानं पुसत बसले होते.

साडेचार हजार हा आकडा खरा धरायचा का? की आत गेल्यावर वाढत जातो? ज्यांनी स्वतः केलंय त्यांनी सांगावं.


पिकअप_वाला:

चिनी घ्या, दोन सीझन वापरा, फेकून द्या. जुन्याच्या नादाला लागू नका. आमच्या गल्लीत एक जण तीन वर्षं एम-८० बांधतोय.


तुटका_स्पॅनर:

साडेचार हजार खोटं नाही ओ. मेकॅनिक तुम्हाला फसवत नाही. बाहेरनं जेवढं दिसलं तेवढ्याचं तो सांगितला. भानगड आत असते.

मी खानापूरचाच. माझ्याकडं पण ०७० आहे. गुंजीकडं एक ठेकेदार धंदा बंद केला, त्याच्याकडनं साडेसहा हजाराला घेतलो. त्याच्या आधी घरी दोन येझदी आणि एक राजदूत बांधलेलो. टू-स्ट्रोक म्हणजे आपल्या डाव्या हाताचा मळ, असा माज होता. आमचे वडील वीटभट्टीवर हिशेब लिहायचे. ती सवय मला पण लागली, त्यामुळं ह्या मशीनवर गेलेला रुपया न रुपया डायरीत आहे. आज ती डायरी काढूनच बसलोय.

पहिला हप्ता गणपतीत. प्लग, पेट्रोलचा पाइप, टाकीतला फिल्टर, सगळं मिळून ४८० रुपये. कार्बोरेटरचा डायफ्रॅम (आतला रबरी पडदा) किट ६५०. जुन्या ०७० ला ठिणगीसाठी पॉइंट असतात, नंतरच्यांना इलेक्ट्रॉनिक आलं. माझ्यावाल्याला पॉइंट. ते आणि कंडेन्सर ७०० ला. एकूण १,८३०. चौथ्या ओढीला मशीन चालू झालं! गल्लीतली पोरं जमली, मी चहा सांगितलो. बायकोला म्हटलं, बघ, नवीन घ्यायचं असतं तर किती गेले असते.

आता खरी गोष्ट ऐका. मशीन चालू झालं, पण रेस सोडली तरी स्लो, म्हणजे रिकामा फिरायचा वेग, लवकर बसायचा नाही. आपोआप वर चढायचा, मशीन आडवं धरलं की अजून चढायचा. मला काय वाटलं माहीत आहे? मशीन जोरात आहे! शेजाऱ्याला पण तसंच सांगितलो. चौथ्या दिवशी नंदगडला बहिणीच्या शेतात जांभळाची पडलेली फांदी कापत होतो. दुसऱ्या तुकड्याला आवाज बारीक झाला, जरा किंचाळल्यासारखा, आणि गप्प. दोरी हलेना. सीज, म्हणजे पिस्टन सिलिंडरमधे जाम.

कारण ऑइल सील. क्रँकच्या दोन्ही बाजूला एकेक असतो. टू-स्ट्रोकमधे पेट्रोल-ऑइल-हवा आधी क्रँककेसमधनंच जाते, त्यामुळं ती पेटी हवाबंद पाहिजे. मशीन वर्षानुवर्षं कोरडं पडलं की सीलचं रबर कडक होतं, क्रँकला धरत नाही. मग तिथनं फुकटची हवा आत ओढली जाते. कार्बोरेटर आपल्या मापानं पेट्रोल सोडतोय, हवा मात्र दोन ठिकाणांहून येतेय. मिक्श्चर पातळ झालं की ताप वाढतो, आणि पेट्रोलबरोबर येणारं ऑइल पण कमी पडतं. स्लो वर चढत होता तो ह्याच्यामुळं. मशीन मरायच्या आधी चार दिवस ओरडून सांगत होतं आणि मी त्याचं कौतुक करत होतो.

दोन सीलची किंमत डायरीत बघा, २६० रुपये. ते वाचवलो म्हणून ४,२०० चा सिलिंडर-पिस्टन किट घ्यावा लागला.

तिथं पण शहाणपणा नडला. येझदीचा सिलिंडर घासला की आपण बोअर करून पुढच्या साइजचा पिस्टन घालतो की नाही, तसंच करायचं म्हणून सिलिंडर घेऊन बेळगावच्या उद्यमबागला, कारखान्यांच्या वसाहतीत गेलो. लेथवाला हातात घेऊन हसला. येझदीचा सिलिंडर आतनं बिडाचा असतो. ह्याच्यात ॲल्युमिनियमच्या अंगावर क्रोमचा पातळ थर, बोअर मारला की थरच गेला. परत आलो आणि सिलिंडर भंगारात टाकलो. सहा महिन्यांनी एक जाणकार सांगितला की पुष्कळ वेळा क्रोमला काही झालेलंच नसतं. पिस्टनचं ॲल्युमिनियम वितळून त्याच्यावर चिकटलेलं असतं, तेवढंच काढलं की सिलिंडर परत चालतो. फरशी धुवायचं ॲसिड काडीला कापूस लावून फक्त त्या डागावर लावायचं, फेस आला की पुसायचं, परत लावायचं. मोकळ्यावर, हातमोजे घालून. उघड्या ॲल्युमिनियमला ते खाऊन टाकतं आणि क्रोमला पण खातं, म्हणून डागाच्या बाहेर जाऊ द्यायचं नाही, जास्त वेळ ठेवायचं नाही, आणि पोर्टच्या (सिलिंडरच्या भिंतीतल्या भोकांच्या) कडेला जपायचं. मग काळजीपूर्वक धुवायचं. म्हणजे कदाचित माझं काम नुसत्या पिस्टनवर भागलं असतं. तो भंगारवाला किलोवर घेऊन गेला, मला ७० रुपये मिळाले. डायरीत जमेच्या बाजूला लिहायची लाज वाटली म्हणून लिहिलो नाही.

बेअरिंग दोन ९००, गॅस्केट सेट ३५०. सील धरून १,५१०. डुप्लिकेट किट घेतला की पोर्टच्या कडा बोटानं चाचपून बघा. माझ्यावाल्याच्या धारदार होत्या, रिंग अडकून तुटायची. बारीक ऑइलस्टोननं कडा मारून घेतलो, त्याला एक आख्खा रविवार. पिस्टन पिनचे सर्क्लिप (पिन जागेवर धरणाऱ्या तारेच्या कड्या) किटमधले वापरू नका, ओरिजिनल मागवा. तार तुटून सिलिंडरमधे गेली तर परत पहिल्यापासनं सुरू.

आता हत्यारं. येझदीचे पाने होते, म्हटलं चालतील. फ्लायव्हील निघेना. हातोडीनं ठोकून काढतात लोक, मी पण एकदा ठोकलो, पंख्याचा एक दात उडाला. मग पुलर घेतलो. स्क्रू घट्ट बसलेले, इम्पॅक्ट ड्रायव्हर घेतलो. पॉइंटची फट ०.३५ ते ०.४० मिमी ठेवायची तर फीलर गेज पाहिजे. तिन्ही मिळून २,१००. मेकॅनिककडं हे सगळं असतं, म्हणून तो साडेचार हजार सांगू शकतो. घरी करणाऱ्यानं हे पहिल्या पानावर लिहावं.

बॉडी मॅग्नेशियमची. लोखंडी बोल्ट त्यात वर्षानुवर्षं बसला की दोघांचं लग्नच लागतं. मफलरचा एक बोल्ट मोडला, दोन भोकांचे आटे बोल्टाबरोबर बाहेर आले. उद्यमबागला मोडका काढून, दोन ठिकाणी आट्याची स्प्रिंग बसवून ७०० दिलो.

बार, म्हणजे चेन फिरते ती पट्टी, आणि चेन. इंजिन बांधून झालं की वाटतं संपलं. जुना बार बघितलो तर खाचेच्या दोन्ही कडा वरवंट्यासारख्या झिजलेल्या, चेन आडवी डुलायची. ०.४०४ पिचची चेन आणि बार ४,८०० ला. दुकानदार म्हणाला स्प्रॉकेट, चेन फिरवणारं दातेरी चाक, पण बदला. मी नको म्हटलो. नवीन चेन झिजलेल्या स्प्रॉकेटवर घातली की चेनचे पाय तसेच झिजतात, पंधरा दिवसांत समजलं. ९५० ला स्प्रॉकेटचा ड्रम घेतलो.

सात फेऱ्या बेळगावला, एक कोल्हापूरला, कारण बेअरिंग इथं मिळालं नाही. बस आणि स्कूटरचं पेट्रोल धरून २,३०० झाले. चुकीच्या साइजचा डायफ्रॅम आणला म्हणून झालेली फेरी पण त्यातच. उद्यमबागच्या पोराला दोनदा पाव किलो कुंदा नेलो, तो धरला नाही. कुंदा नेला नाही तर नंबर आठ दिवसांनी लागतो.

टू-स्ट्रोक ऑइल आणि वाया गेलेलं पेट्रोल ९००. हे वाया कसं गेलं ते सांगतो. आता पंपावर वीस टक्के इथेनॉल. आपल्याच भागातला ऊस, त्याचंच इथेनॉल, आणि आपलंच कार्बोरेटर खातंय! हे पेट्रोल हवेतलं पाणी ओढतं. आपल्याकडं चार महिने भिंतीला पण पाणी सुटतं, कॅनचं काय घेऊन बसलाय. महिनाभर ठेवलेलं मिश्रण खाली वेगळं होऊन बसलं, मी हलवून घातलो, परत कार्बोरेटर उघडायची पाळी. जुन्या काळचे रबर पाइप आणि डायफ्रॅम ह्या पेट्रोलसाठी बनलेलेच नाहीत, फुगतात किंवा कडक होतात. लागेल तेवढंच मिश्रण करा. काम झालं की टाकी रिकामी करून मशीन आपोआप बंद पडेपर्यंत चालवा. चांगलं टू-स्ट्रोक ऑइल असेल तर लिटरला २० मिली, साधं असेल तर ४०. चेनवर जळकं इंजिन ऑइल ओततात सगळे. त्यात लोखंडाची पूड असते, पंप आणि बार दोन्ही खाते.

सगळ्यात शेवटी जे घेतलो ते खरं तर सगळ्यात आधी घ्यायला पाहिजे होतं. माझ्या ०७० ला चेन ब्रेक नाही. नवीन मशीनला पुढं जी पट्टी असते, बार उसळला की मनगट तिला लागून चेन थांबते, ती ह्याला नाहीच. १०६ सीसी, बार न धरता दहा किलोच्या वर वजन, आणि रबराचे माउंट पण नाहीत. बारचं टोक दुसऱ्या फांदीला टेकलं की मशीन तोंडाकडं येतं. माझं आलं. मी बाजूला होतो म्हणून पँट फाटली, मांडी वाचली. दुसऱ्या दिवशी हेल्मेट, मांडीचं संरक्षण आणि हातमोजे मागवलो, ५,२०० रुपये. बायको त्या पँटचा तुकडा अजून ठेवली आहे. कशाला ते विचारलो नाही.

मशीनचे साडेसहा हजार धरून सगळं जोडलो तर ३०,९९०. त्यात माझी मजुरी शून्य. गणपतीत सुरू केलेलं शिमग्याला संपलं.

आता तुमचं. काजू म्हणजे मऊ लाकूड, बुंधे पण फार मोठे नसतात. त्याला ०७० म्हणजे डास मारायला तोफ. हे मशीन जंगलातले ऐन-सागाचे ओंडके कापायचं. अकरा झाडांसाठी मशीन-मजुरासकट माणूस बोलवा, दोन दिवसांत काम होईल. गोठ्यावर कललेले अकेशिया तर स्वतः कापूच नका. ताणात असलेलं झाड कसं फाटेल सांगता येत नाही.

पण मामा अर्धा तास पुसत बसले म्हणताय. तो हिशेब वेगळा, तो तुमच्या घरचा.

दुरुस्त करायचंच असेल तर एक पैसा घालायच्या आधी दोन गोष्टी करा. मफलर काढा, बाहेर जायच्या भोकातनं पिस्टन बघा. उभ्या ओरखड्या दिसल्या तर ते आधीच एकदा सीज झालंय. पिस्टन गुळगुळीत असेल तर प्रेशर टेस्ट. ह्याचं यंत्र महाग, पण घरी बीपी बघायचं जुनं घड्याळवालं असेल तर काम झालं. कार्बोरेटर काढून त्या तोंडाला आणि मफलरच्या तोंडाला सायकल ट्यूबच्या रबराचे तुकडे लावून पट्टीनं आवळा. बीपीची नळी प्लगच्या भोकातनं किंवा कार्बोरेटरच्या बाजूनं आत द्या. पिस्टन खाली ठेवा, म्हणजे वरचं-खालचं एकच होतं. २५० पर्यंत हवा भरा आणि काटा बघा. खाली यायला लागला तर साबणाचं पाणी लावा, बुडबुडे कुठं येतात ते दिसेल. ह्या टेस्टमधे पास झालं तरी सील जुने असतील तर बदलाच. काही सील बाहेर ढकलताना धरतात आणि आत ओढताना सोडतात.

आणि त्या मेकॅनिकला एकच विचारा: साडेचार हजारात सील आहेत का?


निपाणीची_सून:

ह्या वरच्या भाऊंची डायरी वाचून आमच्या ह्यांना दाखवली. ते म्हणाले, एवढा कुठं खर्च येतोय. आमच्या न्हाणीघरात गेल्या दिवाळीपासून एक इंजिन परातीत भिजत पडलंय. परात माझ्या माहेरची. जुनी मशीनं करणाऱ्या समस्त पुरुषांनी परात, दात घासायचे ब्रश, टॉवेल आणि माझा बेसनाचा डबा (त्यात आता नटबोल्ट आहेत) हे पण डायरीत धरावं.

एक मात्र खरं. बीपीचं मशीन घरात दोन ठेवा. आमच्या सासऱ्यांचं बीपी बघायला गेले तर नळीला पेट्रोलचा वास.


तुटका_स्पॅनर:

ताई, परातीचं माझ्याकडं पण झालंय. डायरीत नाही, पण घरात सगळ्यांना माहीत आहे.


उद्यमबाग_लेथ:

मॅग्नेशियमबद्दल एक. घरी ड्रिल मारून आटे पाडायला जाऊ नका. बोल्ट तिरका मोडला आणि ड्रिल बाजूला सरकलं की बॉडी गेली, मग आमच्याकडं आणून उपयोग नाही. मोडायच्या आधी आणा. बोल्टाभोवती थोडी गरम हवा द्यायची, गंज फोडणारं तेल रात्रभर सोडायचं, आणि सोडवताना एकदम जोर न लावता पुढं-मागं करत काढायचं. शंभरातले नव्वद येतात.

मॅग्नेशियमचा भुसा फार वाईट, पेटला की पांढरा उजेड पडून जळतो. पाणी टाकाल तर अजून भडकतो. कोरडी वाळू जवळ ठेवा. आमच्याकडं एकदा ग्राइंडरखाली मूठभर पेटला होता, तेव्हापासून मॅग्नेशियम ग्राइंडरला लावत नाही.

कुंद्याचं वाचलं. पाव किलो नाही ओ, अर्धा.


माळावरचा:

कटरच्या आधी परवानगीचं बघा. कर्नाटकात १९७६ चा वृक्ष संरक्षण कायदा आहे. स्वतःच्या जमिनीतलं झाड असलं तरी ट्री ऑफिसरकडं अर्ज करावा लागतो. निलगिरी, सुरू, सिल्व्हर ओक, सुबाभूळ अशा काही जातींना सूट आहे. तुमचे अकेशिया आणि वाळलेले काजू कशात बसतात ते खानापूरच्या फॉरेस्ट ऑफिसात विचारूनच हात लावा. उतारा बरोबर न्या. अर्ज कन्नडमधनं लिहून देणारे बाहेर बसलेले असतात. जांबोटीकडचा पट्टा अभयारण्याला लागून आहे, गाडीत कटर घालून फिरताना कागद जवळ असू दे. फोटो काढून ठेवा, झाड वाळलेलं दिसायला पाहिजे.


काजूबाग_जांबोटी:

सगळ्यांचे आभार. शनिवारी गावी जाऊन आलो, म्हणून उत्तराला उशीर.

आधी मेकॅनिकला फोन केला आणि स्पॅनरदादांनी सांगितलेलं तेच विचारलं. तो दोन सेकंद गप्प राहिला. म्हणाला, सील धरले तर इंजिन फोडावं लागतं, मग सहा-साडेसहा होतील, आणि आत काय निघेल त्याची गॅरंटी नाही. माणूस प्रामाणिक वाटला.

मफलर मामांनीच काढला. मला हात लावू दिला नाही. एक बोल्ट घट्ट होता, तो लेथवाल्यांनी सांगितला तसा तेल सोडून रात्रभर ठेवला, सकाळी निघाला. पिस्टन आतून चांगला आहे. थोडा काळा, ओरखडा नाही. मामा म्हणाले, बंद ठेवताना चालू मशीन होतं, मी काय मोडकं ठेवीन का?

मग बीपीचं. आजीचं जुनं मशीन होतं, तिला विचारूनच घेतलं (निपाणीच्या ताईंची सूचना लक्षात होती). २५० पर्यंत भरलं. काटा बघता बघता दहा सेकंदांत शंभराच्या खाली. साबणाचं पाणी लावलं तर क्लचच्या बाजूला सशाच्या तोंडासारखा फेस. फ्लायव्हीलच्या बाजूला काही नाही.

झाडांचं काम मशीनवाल्या माणसाला द्यायचं ठरलंय, अर्ज दिलाय, उत्तराची वाट बघतोय. चिनी मशीन घेत नाही. ०७० चं फक्त सील-बेअरिंग-पाइप-डायफ्रॅम करायचं, बार-चेन घ्यायची नाही. कापायचं नाहीच, नुसतं चालू करून ठेवायचं. मामांचा आग्रह आहे की मेकॅनिककडे न देता घरीच करू, ते सांगतील आणि मी करीन. क्लच कसा काढायचा? मामा म्हणतात ठोकायचा. मला भीती वाटतेय.


तुटका_स्पॅनर:

ठोकू नका. मामांना माझा नमस्कार सांगा आणि हातोडी लपवून ठेवा.

बहुतेक चेनसॉच्या क्लचचे आटे उलटे असतात, म्हणजे घड्याळाच्या दिशेनं फिरवलं की सुटतो. आधी बाण कोरलाय का बघा. पिस्टन धरून ठेवायला प्लगच्या भोकातनं सुती दोरी आत सोडायची, लोखंडी काही घालायचं नाही. दोरी सोडायच्या आधी पिस्टन इतका वर आणा की बाजूची भोकं बंद झाली पाहिजेत, नाहीतर दोरी भोकात जाऊन पोर्टच्या कडेवर कापली जाते. माझी कापली होती, तिचे धागे चिमट्यानं काढायला दोन तास गेले.

सील फक्त क्लचकडचा बदलू नका, दोन्ही बदला. एकाच वयाचे आहेत, एक गेला की दुसरा मागोमाग. नवीन घालताना स्प्रिंग असलेली बाजू आत, क्रँककेसकडं. क्रँकच्या टोकाला खाच असते, तिथनं सरकवताना सीलचा ओठ फाटतो. त्याच्यावर प्लास्टिकच्या पिशवीचा पातळ तुकडा गुंडाळायचा, थोडं ऑइल लावायचं, आणि सील बसला की पिशवी ओढून काढायची. दुधाची पिशवी जाड पडते. कोथिंबिरीची घ्या.

बसवून झालं की परत बीपी लावा, तेव्हाच कार्बोरेटर चढवा. आणि काटा एक मिनिट थांबला तर इथं टाका.